यादीतलं पाचवं ठिकाण

कान्हे स्टेशनवर मी उतरलो नाही.

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी दुपारची लोकल होती, डबा जवळजवळ रिकामा. तळेगाव गेलं, वडगाव गेलं, मग कान्हे आलं. मी पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत आलोही होतो. फलाटावर दोन शाळकरी मुली पेरू खात बसल्या होत्या आणि पलीकडे भातकापणी झालेली खाचरं पिवळी पडली होती. गाडी अर्धं मिनिट थांबली असेल. मी दांडा धरून उभा राहिलो आणि गाडी सुटली. मग शहाण्यासारखा जागेवर येऊन बसलो आणि स्वतःची समजूत घातली, की यादीत कान्हे चौथं आहे, पहिलं लोणावळा आहे, आणि मी यादीप्रमाणे चाललो आहे. पळपुट्या माणसाला नियम फार आवडतात.

यादीची गोष्ट आधी सांगायला हवी. मी इंदूरचा मराठी, गेली बावीस वर्षं दिल्लीत एका कचेरीत अनुवादक आहे. मी समलिंगी आहे, आणि दिल्लीत इतकी वर्षं काढल्यामुळे बाहेरगावाहून येणाऱ्या आमच्यासारख्यांचा मी आपोआप वाटाड्या झालो. कुणाचा तरी मित्र, त्या मित्राचा मित्र, 'दिल्लीला येतोय, काही सांगाल का' असं विचारायचा. दर वेळी तेच तेच सांगून कंटाळलो, तेव्हा चार पानांची यादी करून ठेवली. दोन पुरुषांनी एक पलंग मागितला तर कुठल्या भागातल्या गेस्ट हाउसात भुवया वर जात नाहीत. हिवाळ्यात लोदी बागेत कुठल्या कोपऱ्यात उन्हाला बसावं. आपली माणसं कुठल्या कॅफेत कुठल्या वारी जमतात. फोनवर ओळख झालेल्याला पहिल्यांदा मेट्रोच्या फाटकापाशीच भेटावं, घरी न्यायची घाई करू नये. लॉजवर 'आम्ही भाऊ आहोत' असं सांगू नये, कारण आधार कार्डावर आडनावं वेगळी असतात. हा शेवटचा नियम मी अनुभवातून लिहिला आहे.

दत्ता या यादीला हसायचा. तो टाकवे बुद्रुकचा, अंदर मावळातला (मावळ तालुक्याचा आतला, डोंगराकडचा भाग). आधी नवलाख उंबरे गावाजवळ एका कारखान्यात फिटर होता, मग त्याच कंपनीने त्याला दिल्लीजवळच्या कारखान्यात पाठवलं. नऊ वर्षं आम्ही एकत्र राहिलो. घरमालकाच्या लेखी तो माझा पोटभाडेकरू, शेजाऱ्यांच्या लेखी रूममेट. माझ्या लेखी तो दत्ता होता आणि मला दुसरं कोणी नव्हतं.

"तुझी यादी म्हणजे नुसतं कुठलं दार उघडं आहे ते," तो म्हणायचा. "आमच्याकडं दारं उघडीच असतात. फक्त बोलायचं नसतं." एका जानेवारीत, गच्चीवर उन्हात शेंगा सोलत बसलेलो असताना, त्याने मला मावळची यादी सांगितली. दोन माणसांनी मावळात कसं फिरावं, त्याची. मी ती दिल्लीच्या यादीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून घेतली. पाच ठिकाणं. आपण दोघं जाऊ तेव्हा, असं म्हणत म्हणत ते राहिलं.

गेल्या फेब्रुवारीत तो चुलतभावाच्या लग्नाला गावी गेला आणि तिथेच वारला. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याच्या फोनमधले नंबर एकेक करून लावताना त्याच्या थोरल्या भावाने, सोपानने, मला फोन केला. "रूममेट ना तुमी? त्याचं सामान तेवढं पाठवून द्या." मी दोन बॅगा भरल्या आणि पाठवून दिल्या. कचेरीत रजेच्या अर्जावर 'मृताशी नातं' असा रकाना होता. मी तो कोरा ठेवला, तर साहेबांनी सहानुभूतीने अर्धा दिवस दिला. दुसऱ्या दिवशी मी सिंचनावरच्या एका अहवालाचा अनुवाद करत होतो.

अकरा महिने मी असेच काढले. रडायला परवानगी लागत नाही म्हणतात. लागते. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. त्याला जिथे अग्नी दिला ती जागा बघायची होती, आणि त्याच्या आईने मला एकदा, एकदाच, त्याचं माणूस म्हणून बघावं असं वाटत होतं. म्हणून मी निघालो होतो, आणि म्हणूनच कान्हे स्टेशनवर माझे पाय उतरले नाहीत.

लोणावळ्यात उतरल्यावर चिक्कीची दुकानं अंगावर येतात. जानेवारीचा आठवडी दिवस, गर्दी नव्हती, तरी प्रत्येक दुकानदार तबकातला तुकडा पुढे करत होता. मी दिल्लीहून दत्ताच्या आईसाठी गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई) आणली होती. दत्ता दर हिवाळ्यात तिच्यासाठी नेत असे. तिला दात नाहीत आणि गजक तोंडात विरघळते. चिक्कीच्या गावातून गजकचा डबा घेऊन चालताना मला चोरट्यासारखं वाटत होतं.

पहिल्या दोन लॉजांवर 'फक्त फॅमिली' अशी पाटी होती. तिसऱ्या ठिकाणी पाटी नव्हती, म्हणून आत गेलो. तिशीतला मॅनेजर होता, अंगात स्वेटर, समोर मोठं रजिस्टर. त्याने माझ्यामागे कोणी येतंय का ते पाहिलं.

"एकटेच आहात सर?"

एकटाच, म्हणालो. त्याने पेन खाली ठेवलं. राग मानू नका, पण एकट्या पुरुषाला आम्ही खोली देत नाही, असं तो म्हणाला. का, म्हणून विचारलं तर इकडे तिकडे बघायला लागला. मी उगाच तोंड चढवलं. माझ्या डोक्यात अर्थातच नेहमीचाच किडा वळवळत होता, की याला माझ्याकडे बघून काही कळलं की काय.

"तसं काही नाही सर," तो हळू आवाजात म्हणाला. "इथं दरीवरचे पॉइंट आहेत ना. एकटे लोक येतात, दोन दिवस राहतात, आणि मग आम्हाला पोलीस स्टेशनला जावं लागतं. तुम्ही बरे आहात ना?"

अकरा महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला पटकन उत्तर देता येईना, आणि तेवढ्यात त्याची शंका वाढली. तेव्हा कुठे मला यादीतला पहिला नियम आठवला. दत्ताने बजावून सांगितलं होतं: 'लोणावळ्यात खोली मागताना म्हणायचं, कंपनीच्या कामाला आलोय. कंपनी म्हटलं की मावळात कोणी पुढचं विचारत नाही. दोघांना एकच खोली देतात आणि वर डबल चादरी देतात.' मी म्हणालो, तळेगावला कंपनीच्या कामाला आलोय. मॅनेजरचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग आधी सांगायचं ना सर, म्हणाला. तरी त्याने मला खोली दिली ती तळमजल्यावरची, खिडकीला गज असलेली, आणि संध्याकाळभरात तीन वेळा चहा हवाय का ते विचारून गेला. चहा पांचट होता. मी तिन्ही वेळा घेतला.

यादीत दुसरं होतं तुंगार्लीच्या तळ्याकडे सकाळी चालायला जाणं. 'तिथं रिटायर लोक चालायला येतात. ते फक्त आपापली पावलं मोजतात, कोण कुणाचा हात धरून चाललंय ते बघत नाहीत.' हे अगदी खरं निघालं. कानटोपी घातलेले म्हातारे जोडीजोडीने, हात मागे बांधून चालत होते, गुडघ्यांविषयी बोलत होते. दोन आजोबा तर खरोखरच एकमेकांचा हात धरून उतरत होते, एकाला नीट दिसत नव्हतं म्हणून. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी एकटा चालत होतो, त्यामुळे न बघण्यासारखं त्यांना काही नव्हतंच.

तिसरं, बेडशाची लेणी. लोकलने कामशेतला आलो आणि तिथून रिक्षा केली. कार्ल्याला माणसांची जत्रा, भाज्याला कॉलेजची पोरं. बेडशाला कुणी येत नाही, असं दत्ताचं म्हणणं. पायऱ्या चढताना मला धाप लागली आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. वर पोचलो तर खरंच कोणी नव्हतं, एक पहारेकरी तेवढा उन्हात पाय पसरून बसला होता. लेण्याच्या तोंडाशी उंच खांब आहेत. मान वर केली की खांबांच्या माथ्यावर हत्ती-घोडे दिसतात, आणि त्यांच्यावर बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या. किती आरामात बसल्या आहेत. 'दोन हजार वर्षं झाली, त्यांना कुणी उठा म्हटलं नाही,' असं मी दत्ताच्या तोंडचं वाक्य लिहून घेतलेलं आहे. आम्हाला बागेतल्या बाकावरून पाच वेळा उठवलं होतं, त्याची त्याला आठवण होती. मी तासभर बसलो. फोटो काढावा असं वाटलं, पण दाखवायचा कोणाला हे लक्षात आल्यावर फोन खिशात ठेवला.

मग मात्र कान्हे टाळता येण्यासारखं राहिलं नाही.

कान्हे फाट्यावर चहाची टपरी आहे. यादीतलं चौथं: 'फाट्यावर एकात दोन चहा घ्यायचा.' एकात दोन म्हणजे एका चहाचे दोन भाग, दोन पेल्यांत. दिल्लीत कोणी असा चहा मागितला तर वेड्यात काढतील. दत्ता म्हणायचा की लग्न झालेली माणसंसुद्धा चारचौघांत इतक्या जवळून काही वाटून घेत नाहीत आणि आम्हाला मात्र कोणी काही म्हणत नाही. मी काही विचार न करता 'एकात दोन' म्हणालो. टपरीवाल्याने दोन पेले भरले, माझ्यासमोर ठेवले आणि दुसरा माणूस कुठे आहे ते पाहिलं. मी दोन्ही प्यायलो. काही न सुचून म्हणालो, येतोय तो मागून. त्याने मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

टाकव्याला जाणारी टमटम भरायची वाट बघत उभी होती. चालक साठीचे, डोक्याला मफलर, लोक त्यांना बबनभाऊ म्हणत होते. कुणाकडं, विचारलं. मी दत्ताच्या घरचं नाव सांगितलं. त्यांनी मला आरशातून एकदा नीट पाहिलं, "दिल्लीचं का?" एवढं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर चावी फिरवली. इंद्रायणीचा पूल ओलांडून टमटम डोंगराच्या दिशेने निघाली. दोन्ही बाजूंना कापलेली भाताची खाचरं, कुठे हरभरा पेरलेला, कुठे पेंढ्याचे ढीग रचलेले.

घर रस्त्यापासून चार पावलांवर. पुढे पत्र्याची पडवी, आत नवीन फरशी. ती दत्ताने पाठवलेल्या पैशांतून बसवली होती हे मला ठाऊक होतं, रंगसुद्धा आम्ही दोघांनी फोनवर बघून ठरवला होता. सोपान पाळीला कारखान्यात गेला होता, त्याची बायको रानात. आई एकटीच होती. पडवीत सुपात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. बुटकी, काटक बाई. मी नाव सांगितलं. ती उठली नाही. तिने सूप बाजूला सरकवलं आणि मला बसायला जागा केली.

"लय उशीर केला," ती म्हणाली.

एवढ्यावरून मला काही कळेना. लोकलला उशीर, की अकरा महिन्यांचा उशीर, की आणखी कसला? मी गजकचा डबा पुढे केला. तिने तो उघडला नाही. आत नेऊन दत्ताच्या फोटोपुढे ठेवला. यंदा घरात सण नाही, तीळ-गूळ नाही, असं काहीतरी पुटपुटली. फोटो दिल्लीचा होता. आमचा दोघांचा, एका लग्नातला. त्यातला दत्ता तेवढा कापून मोठा केला होता, पण कापणाऱ्याचा हात थोडा चुकला असावा, कारण डाव्या कडेला हिरवी बाही राहिली होती. ती माझी.

पलीकडची एक बाई डोकावली आणि पाव्हणं कुठलं म्हणून विचारलं. आता ही काय सांगते म्हणून माझा जीव कानात गोळा झाला.

"दत्तूचा जोडीदार हाय," आई म्हणाली. "दिल्लीचा."

दिल्लीत आमच्या माणसांत जोडीदार या शब्दाला एकच अर्थ आहे. मावळात तो कामावरच्या सोबत्यालाही म्हणतात, गड चढताना बरोबर असलेल्यालाही म्हणतात. शेजारीण 'अगंबाई' म्हणून हळहळली आणि निघून गेली. आईने कुठला अर्थ धरला होता, आणि शेजारणीने कुठला घेतला, ते दोघींच्याही चेहऱ्यावरून मला कळलं नाही.

तिने मला जेवायला वाढलं. इंद्रायणी तांदळाचा चिकट, वासाचा भात आणि पावट्याची आमटी. मी जेवत असताना ती समोर बसून राहिली. मध्येच म्हणाली, "तो म्हनायचा, माझा जोडीदार आमटी लय वाईट करतो." मी म्हणालो, खरं आहे. पुढे बोलण्याऐवजी भात कालवत राहिलो. किती गोष्टी पाठ करून आलो होतो. शेवटी तो काय बोलला, कुठे नेलं त्याला, माझं नाव घेतलं का. त्यातलं एकही विचारलं नाही. दत्ताने सांगून ठेवलंच होतं, आमच्याकडं बोलायचं नसतं.

आता यादीतलं पाचवं, शेवटचं. ते मी शब्दशः देतो: 'आईकडं जायचं. ती टॉवेल-टोपी देईल, पाव्हण्याला देतात तशी. आधी कपाळाला कुंकवाचा टिळा लावेल. टोपीत तू माकडासारखा दिसशील पण हसायचं नाही. टिळा लावला की समज, घरात घेतलं.' तर मी वाट बघत होतो ती या टिळ्याची. चेष्टेत सांगितलेली गोष्ट, पण अकरा महिने मी तिला धरून बसलो होतो.

जेवण झाल्यावर ती खरंच आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. टॉवेल आणि पांढरी टोपी घेऊन ती आली. देव्हारा तिच्या हाताशी होता, कोयरीत (कुंकवाच्या डबीत) कुंकू भरलेलं मला बसल्या जागेवरून दिसत होतं. मी नकळत मान थोडी पुढे केली. तिने टिळा लावला नाही. टॉवेल आणि टोपी माझ्या हातात ठेवली, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि पाठमोरी होऊन भांडी उचलायला लागली.

टोपी नवी होती, पण घडीवर पिवळी पडली होती. डांबरगोळीचा वास येत होता. कधीची कोणासाठी आणलेली, उरलेली, अडगळीतली. मला वाटलं, कळलंय हिला. सगळं कळलंय, आणि म्हणून दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही एवढंच केलं, कपाळाला बोट लावलं नाही. मी रात्री तिथे राहणार होतो. ते बाजूला ठेवलं. निघतो म्हणालो. ती 'ये' म्हणाली नाही, 'परत ये' म्हणाली नाही. पडवीत सुपापाशी जाऊन बसली आणि शेंगा सोलायला लागली.

बबनभाऊंची टमटम परतीला रिकामीच निघाली होती. मी त्यांच्या शेजारी पुढे बसलो. चूक माझीच आहे, मी मनात म्हणत होतो. कशाला आलो मी. कोणी बोलावलं होतं मला. इतका राग आला होता, आणि रागावायचं तरी कोणावर? सोललेल्या शेंगांवर? पूल जवळ आला तेव्हा मी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली आणि म्हणालो, भाऊ, ही तुम्हीच घ्या. मी टोपी घालत नाही.

बबनभाऊंनी हात मागे घेतला, भाजल्यासारखा.

"नगं नगं. ही कुनी दिली, म्हातारीनं?"

"हो. पण बघा, पाहुण्याला देतात तशी नाही. टिळासुद्धा लावला नाही." मी असं परक्या माणसापुढे बोलायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

त्यांनी टमटम कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"दुखवट्याला कुकू लावत्यात व्हय?" ते म्हणाले. मला काहीच कळलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. घरातलं माणूस गेलं की तेराव्याला मामाकडची माणसं घरच्यांना कापडं करतात. त्याला दुखवटा म्हणतात. तो पाहुण्याला देत नाहीत, ज्याचं माणूस गेलं त्यालाच देतात. त्याला कुंकू नसतं. आणि निघताना 'या' म्हणत नाहीत, दुःखाला परत बोलावू नये म्हणून.

"मी हुतो की तेराव्याला," ते पुढे म्हणाले. "तिच्या भावानं सगळ्यास्नी कापडं आनली, सोपानला, पोरास्नी. म्हातारी म्हनली, एक जोड जादा पायजे. भाऊ म्हनला कुनाला? तर म्हनली, आजून एक मानूस यायचंय. दिल्लीवरनं. आमी समदी तितं बसलेलो. कुनी काय बोललं न्हाई."

मी टोपी हातात धरून बसलो होतो. पिवळी घडी मी परत पाहिली. अकरा महिने ती माझ्यासाठी ट्रंकेत पडून होती. लय उशीर केला, असं ती म्हणाली होती, आणि मी लोकलचा विचार करत होतो.

मला परत जायचंय, गाडी वळवा, असं मी म्हणालो. बबनभाऊंनी मान हलवली. आत्ता नका जाऊ, म्हणाले, तिला वाटेल टोपी परत द्यायला आलात. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, तेव्हा या, टोपी घालून या. मग त्यांनी पुलाखाली, नदीच्या अलीकडच्या काठाला बोट दाखवलं. तिथे स्मशानाची पत्र्याची शेड होती, शेजारी एक करंजाचं झाड, आणि खाली दगडांवर कोणीतरी कपडे वाळत घातले होते. "तितंच," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

मी टमटममधून उतरलो. टोपी डोक्यावर ठेवली. ती मला थोडी मोठी होत होती, कानांवर येत होती, आणि मी माकडासारखा दिसत असणार यात शंका नव्हती. मी हसलो नाही. तिथे उभा राहून रडलो, भर दुपारी, रस्त्यावर, मोठ्याने. दोन मोटारसायकली गेल्या, एक शाळेची गाडी गेली. कोणी थांबलं नाही, कोणी विचारलं नाही. टोपी आणि खांद्यावरचा कोरा टॉवेल बघून त्यांना जे कळायचं ते कळलं असावं. बबनभाऊ टमटमला टेकून माझं होईपर्यंत तंबाखू मळत उभे होते.

दिल्लीला परत येऊन आता आठ दिवस झाले. कचेरीत पुन्हा सिंचनाचाच अहवाल आला आहे. पुढच्या महिन्याच्या रजेच्या अर्जात मी कारण लिहिलं, वर्षश्राद्ध; या वेळी नात्याचा रकाना कोरा ठेवला नाही. साहेबांनी वाचलं, सही केली, बोलले काहीच नाहीत. दिल्लीतही माणसं कधी कधी मावळातल्यासारखी वागतात हे मला नव्याने कळलं. दुःख काही कमी झालेलं नाही. उलट वाढलंय, कारण आता ते उघडपणे करता येतं. घरी आल्यावर मी दोघांच्या मापाचा भात टाकतो आणि उरलेला सकाळी फोडणीला घालतो. दत्ता माझ्या हातचा भात मुकाट्याने खायचा, आमटीबद्दल मात्र आईपाशी तक्रार करायचा, हे मला आता कळतंय.

काल नांदेडच्या एका मुलाचा निरोप आला. तो आणि त्याचा मित्र पहिल्यांदाच दिल्लीला येणार आहेत, कोणीतरी माझा नंबर दिला, यादी पाठवाल का. मी चार पानं पाठवली. मग पहिल्यांदाच पाठकोरं पानही पाठवलं, मावळचं, कधी त्या बाजूला गेलात तर म्हणून. पाठवण्याआधी पाचव्या ठिकाणी, दत्ताच्या सांगण्याखाली, एक ओळ माझी घातली: 'टोपी दिली आणि टिळा लावला नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही तिथे पाहुणे नाही, म्हणून लावलेला नसतो.'